नागलीचा ठराव

फुकट मिळालेली वस्तू गावात आणायला दोन माणसं पुरतात. ती गावात टिकवायला मात्र अख्खं गाव लागतं, आणि अख्खं गाव कामाला लागलं की त्या वस्तूचं पुढे काय होईल ते गावदेवीलाही सांगता येत नाही. हे ज्ञान मला पाच कॉम्प्युटरांनी दिलं.

मुंबईच्या कुठल्याशा बोटीच्या कंपनीने आपली जुनी यंत्रं डोंगरातल्या शाळांना वाटून टाकली. त्यातली पाच आमच्या वाट्याला आली. आमचं गाव पोशेऱ्याच्या पुढे, दोन चढ आणि एक ओहोळ ओलांडून. इथे वीज पाहुण्यासारखी येते. येताना कळवत नाही आणि जेवायला थांबत नाही. यंत्रं मूळची पांढरी असावीत. आमच्याकडे आली तेव्हा त्यांचा रंग बिडी ओढणाऱ्याच्या दातांसारखा झाला होता. तरी आम्ही ओवाळून आत घेतली. पाहुणा पिवळा असला तरी पाहुणाच.

मी त्या वेळी शिक्षण समितीचा अध्यक्ष होतो. स्वतः मी अक्षरं शिकलो ती साक्षरतेच्या वर्गात, नातवंडं झाल्यावर. त्यामुळे शाळेच्या बाबतीत माझा उत्साह जरा ताजा आहे. लहानपणी मार खात जे शिकले त्यांना शाळा दिसली की अजून हात चोळावेसे वाटतात. मला फळा दिसला की वाचावासा वाटतो, मग त्यावर काहीही लिहिलेलं असो.

यंत्रं लावली. एकाने शिट्टी मारली, एकाने धूर काढला, बाकीच्यांनी तेवढेही कष्ट घेतले नाहीत. आमच्या गोकुळने, म्हणजे जीपवाल्याने, नाशिकचा एक कारागीर आणला. गोकुळ जीप चालवतो, लग्नात भोंगा आणि जनरेटर भाड्याने देतो आणि मधल्या वेळात सल्ले देतो. ते फुकट असतात. कारागिराने यंत्रांभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाला, "बाबा, ह्यांच्यावर आता काही चालणार नाही. नवीन विंडोज ह्यांना पेलत नाही, जुनं कुठं मिळत नाही. म्हातारी झाली ती. भंगारात घाला."

'म्हातारी' म्हणताना त्याने माझ्याकडे बघायची काही गरज नव्हती. तो निघून गेला, पण माझ्या मनात ते बसलं.

भंगाराची बातमी माझ्या मेव्हण्याने, तुकाने, सगळ्यात आधी ऐकली. तुका आमच्या सोसायटीचा चेअरमन. त्याला भाताची पोती ठेवायला जागा हवी होती आणि शाळेची ती खोली त्याच्या डोळ्यांत पहिल्यापासून होती. त्याने तालुक्याला कळवलं, तालुक्याने आम्हाला कळवलं: जानेवारीत तपासणी होईल. यंत्रं चालती दिसली तर यंत्रं आणि खोली दोन्ही शाळेची. नाही तर यंत्रं भंगारात आणि खोली सोसायटीला.

ग्रामसभेत हे पत्र वाचलं गेलं. तुका उठून म्हणाला, "भावजी, माझं काय म्हणणं नाय. पण मुलांनी त्या खोक्यांकडं बघून शिकायचं काय? त्यापेक्षा पोती बरी. पोत्यांकडं बघून निदान भूक तरी लागते."

लोक हसले. मला हसू आलं नाही. मी उभा राहिलो आणि जे बोलायला नको ते बोललो. म्हणालो, "जानेवारीत ही यंत्रं चालली नायत तर मी अध्यक्षपद सोडीन, आणि पाचही खोकी माझ्या डोक्यावरून नेऊन टेम्पोत टाकीन."

घरी आल्यावर नवशी, माझी बायको, म्हणाली, "पदाचं जाऊ दे. पण मान दुखायला लागली तर तेल मी चोळणार नाय."

आता यंत्रं चालवायची कशी? ह्यावर गावात सल्ल्यांचा तोटा नव्हता. गोकुळ म्हणाला, जीप सुरू होत नाही तेव्हा आपण ढकलतो, ह्यांनाही एकदा हलवून बघू. काळ्या भगत म्हणाला, यंत्रांना मुंबईची सवय आहे, त्यांना गावदेवीची ओळख करून दिल्याशिवाय ती बोलायची नाहीत. एक जण म्हणाला, उन्हात ठेवा. दुसरा म्हणाला, उन्हातून काढा. एकमत फक्त एका गोष्टीवर होतं, की अध्यक्षाने बोलायला नको होतं.

हर्षालीबाई तेवढ्या काही बोलल्या नाहीत. त्या आमच्या शाळेच्या नव्या शिक्षिका. जव्हारच्या, नाशिकला शिकलेल्या. दोन दिवस विचार करून त्या माझ्या ओट्यावर आल्या आणि म्हणाल्या, "बाबा, लिनक्स नावाचं एक आहे. विंडोजसारखंच यंत्र चालवायचं काम करतं, पण ते जुन्या यंत्रांवरही बसतं. चित्रंबित्रं नाहीत, नुसती अक्षरं. आणि ते फुकट आहे."

तुका तिथेच चहा पीत होता. माझ्याशी वैर असलं तरी बहिणीचा चहा तो सोडत नाही. म्हणाला, "फुकटच्या यंत्रावर फुकटची विद्या. बिघडलं तर भांडायचं कोणाशी?"

बाई म्हणाल्या, "ते कोणा एकाचं नाहीच. जगभरातली माणसं मिळून बनवतात. ज्याला जे येतं ते तो करतो आणि सगळ्यांना देतो."

"म्हणजे सावड," मी म्हणालो. लावणीच्या वेळी आज माझ्या खाचरात सगळे, उद्या तुझ्या खाचरात सगळे, अशी आमच्याकडे रीत आहे. जगात इतर ठिकाणीही ती चालते हे ऐकून मला फार बरं वाटलं.

नवशी आतून म्हणाली, "सावड हाय तर फुकट कुठं? मग आपल्यालाबी कधी तरी त्यांच्याकडं जावं लागंल."

 

ते लिनक्स आणायचं म्हणजे फ्लॉप्यांवर भरून आणायचं, कारण आमच्या यंत्रांना सीडीची तबकडी घालायचं तोंडच नव्हतं. फ्लॉपी म्हणजे हातात मावणारी चौकोनी काळी चकती, पापडाएवढी आणि पापडाइतकीच नाजूक. बाईंनी नाशिकला मैत्रिणीकडे बसून दोन संच भरले. एक शाळेच्या पत्र्याच्या कपाटात ठेवला आणि दुसरा माझ्याकडे सोपवला. तोवर पाऊस तोंडावर आला होता. शाळेची वीज दसऱ्याशिवाय नीट होत नाही, म्हणून काम पावसाळ्यानंतर करायचं ठरलं. बाईंनी जाताना एवढंच बजावलं, "बाबा, काहीही करा, पण ह्यांना ओल लागू देऊ नका."

आमच्या डोंगरावर चार महिने ओल लागू न देणं म्हणजे माशाला कोरडं ठेवण्यासारखं आहे. भिंतींना बुरशी येते, चपलांना येते, एका वर्षी तर पोस्टाच्या पेटीतल्या पत्राला आली होती. पण एक जागा आमच्या प्रत्येक घरात कोरडी असते. चुलीच्या वर, आढ्याला. बियाण्याची कणसं, काकडीचं बी भरलेला भोपळा, सगळं तिथे धुरात टांगलेलं असतं. धूर लागला की ओल नाही आणि कीडही नाही. मी फ्लॉपी उलटसुलट करून बघितली. कोपऱ्यात भोक होतं. बनवणाऱ्यालाही ही रीत माहीत होती तर, असं मनाशी म्हणून मी सगळ्या फ्लॉप्या सुतळीत ओवल्या आणि मक्याच्या कणसांशेजारी टांगल्या. यंत्रांना पावसात डोक्यावर घ्यायची इरली पांघरली. पानांची ती इरली घालून पाच यंत्रं खोलीत ओळीने बसली तेव्हा लावणीला निघालेल्या बाया विसावल्यासारख्या दिसत होत्या.

दसरा झाला. बाई फ्लॉप्या मागायला आल्या. मी वर बोट दाखवलं.

बाईंनी वर बघितलं आणि चुलीजवळच बसल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, "बाबा, तुम्ही त्या टांगल्या."

"भोक दुसरं कशाला ठेवलंय मग?"

"त्याचं काम वेगळं असतं."

"काम वेगळं असंल," नवशी म्हणाली, "पण बसली तर नीट ना सुतळी?"

फ्लॉप्या खाली उतरवल्या. काजळीने त्या इतक्या काळ्या झाल्या होत्या की लेबलं गेली होती. बाई रडवेल्या होऊन शाळेच्या कपाटाकडे गेल्या आणि तिथून आणखी रडवेल्या होऊन परत आल्या. कपाटातल्या संचावर पांढरी लव उगवली होती, पावसाळ्यात शिळ्या भाकरीवर उगवते तशी. मग माझ्या फ्लॉप्या कोरड्या फडक्याने एकेक करून पुसल्या. चुलीच्या नेमक्या वर होती ती एक वळून होडी झाली होती. बाकी सगळ्या सरळ. मी फक्त बाईंसमोर बसून भाकरी जरा जास्त वेळ चावली.

पण यंत्र उघडून साफ करायचं तर त्यावर कंपनीचं कागदी सील होतं: परवानगीशिवाय उघडू नये. मी परवानगी काढायला गेलो. कुठल्या कार्यालयात ते सांगत नाही, मला अजून तिथे कामं आहेत. तिथले भाऊसाहेब म्हणाले, "दुरुस्तीची परवानगी मिळेल. आधी यंत्र बिघडल्याचा दाखला आणा."

"दाखला कोण देईल?"

"तज्ज्ञ देईल. तपासून."

"तपासायला उघडावं लागेल."

"मग उघडायची परवानगी काढा."

"ती कोण देईल?"

"आम्हीच. बिघडल्याचा दाखला आणला की."

मी बाहेर पडलो, झाडाखाली बसलो आणि पुन्हा आत गेलो, कारण मला वाटलं माझंच काही तरी ऐकायचं राहिलं. राहिलं नव्हतं. शेवटी भाऊसाहेबांना दया आली. ते म्हणाले, यंत्रं इथे आणून दाखवा, मी डोळ्यांनी बघून अभिप्राय देतो. मग पाचही यंत्रं गोकुळच्या जीपमध्ये घालून नेली. त्या दिवशी भाऊसाहेब रजेवर होते. परत आणली. घाटात गोकुळने एकही खड्डा चुकवला नाही. तो म्हणतो, चुकवला तर पुढचा रागावतो. गावात येऊन बघतो तर पाचही यंत्रांची सीलं फाटून झाकणं उघडलेली. एक झाकण तर नवशीने वाटेतून उचलून आणलं. जी परवानगी कार्यालयाला देता आली नाही ती रस्त्याने दिली. मी रस्त्याला मनातल्या मनात नमस्कार केला.

आत उंदरांनी संसार मांडला होता. गवत, कापूस, कोणाच्या तरी वहीची पानं. त्यांना त्यांच्या सामानासकट बाहेर काढलं. मग बाईंनी एकाचा हा भाग, दुसऱ्याचा तो भाग असं करत पाच म्हाताऱ्यांमधून तीन धडधाकट उभे केले. गोकुळचा जनरेटर लावला. पहिली फ्लॉपी आत घातली.

यंत्र कुरकुरलं. थोडं थांबलं. मग काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी अशा धावायला लागल्या की जणू बांध फुटून खाचरात पाणी शिरलं. बाई पुटपुटल्या, "घेतलं." आणि त्यांनी डोळे पुसले. जनरेटरचा धूर असेल.

यंत्र एक फ्लॉपी खायचं आणि पुढची मागायचं. नवशी बघत उभी होती. म्हणाली, "व्याह्यासारखं हाय. वाढलं की पुन्हा पान पुढं." वळलेल्या फ्लॉपीची पाळी आली तेव्हा काम अडलं. तिच्या बदली नवी फ्लॉपी मी जव्हारला जाऊन टायपिंगच्या क्लासात भरून आणली, टोपीखाली ठेवून. एसटीत शेजारच्या बाईने विचारलं, डोकं दुखतं का. मी म्हटलं, नाही, डोक्यात लिनक्स आहे. ती उठून दुसरीकडे बसली.

यंत्रं चालली. तिन्ही. गोष्ट इथे संपली असती, पण मग पासवर्डचं निघालं.

बाईंनी समजावलं, "बाबा, ह्यात प्रत्येकाला आपापलं वावर असतं. आपल्या वावरात हवं ते पेरा, दुसऱ्याच्या बांधावर पाय ठेवता येत नाही. फक्त एक जण असा असतो की तो कुठेही जाऊ शकतो, काहीही करू शकतो. त्याला रूट म्हणतात. रूट म्हणजे मूळ."

"मग मूळ कोण?"

"मीच राहीन, सोयीचं आहे."

मी फक्त एवढंच विचारलं, "अध्यक्ष कोण आहे?"

बाईंनी सुस्कारा टाकला आणि मला मूळ केलं. मग म्हणाल्या, "आता एक शब्द ठरवा. तो घातला तरच यंत्र तुम्हाला मूळ मानेल. हा शब्द कोणाला सांगायचा नाही. आजींनाही नाही."

मी तीन दिवस तो शब्द पोटात ठेवला. आमच्या गावात दाराला कुलूप नाही. कणगीला झाकण आहे ते कोंबड्यांसाठी. जी गोष्ट एकालाच ठाऊक असते ती आमच्याकडे एक तर चोरी असते नाही तर करणी. मी यंत्रासमोर बसून गुपचूप काही तरी करतो ही बातमी पसरली. काळ्या भगत दारात येऊन मला म्हणाला, "बारक्या, गुप्त शब्द हे माझं खातं हाय. तू तुझी समिती बघ." आणि तुकाने ग्रामसभेत सरळ विचारलं, "खोली गावाची, वीज गावाची, आणि कुलूप एकट्या भावज्याचं? उद्या म्हातारा गचकला तर यंत्रं कोण उघडणार?"

मेव्हणा तुमच्या मरणाचा हिशेब भर सभेत मांडतो आणि सभा माना डोलावते, असा अपमान गिळायला मोठा घसा लागतो. पण मुद्दा बरोबर होता. मी म्हटलं, शब्द सभेने ठरवावा.

बाई धावत आल्या. "बाबा, असं नसतं. पासवर्ड गुप्त असतो."

"गुप्तच राहील," मी म्हटलं. "फक्त गावाला माहीत असेल."

वरच्या पाड्याला आपल्या देवाचं नाव हवं होतं, खालच्या पाड्याला आपल्या. गोकुळने जीपचा नंबर सुचवला. तुकाने सोसायटीचं नाव सुचवलं. ते एवढं लांब होतं की सभेनेच फेटाळलं. दुपार कलली. शेवटी नवशी म्हणाली, "सगळे खाता ते ठेवा. नागली." नागली, म्हणजे नाचणी, वरच्या पाड्यातही पिकते, खालच्या पाड्यातही पिकते आणि तुकाच्या पोटातही जाते. ठराव एकमताने मंजूर झाला. इंग्रजीत ती पाच अक्षरं कशी येतात ते बाईंनी फळ्यावर लिहून दिलं. आता लिहून द्यायला हरकत उरलीच नव्हती.

यंत्रात शब्द घातला तर यंत्राने खाली काही तरी लिहिलं. बाई म्हणाल्या, "ते म्हणतंय, शब्द फार सोपा आहे, कमजोर आहे."

मग तुका उठला. मला वाटलं, आता हा माझ्यावर घसरणार. पण तो यंत्रावर घसरला. म्हणाला, "आमच्या ग्रामसभेचा ठराव कमजोर म्हणणारं हे कोण? पुन्हा घाला." पुन्हा घातला. यंत्राने मान्य केला. सभेचा मान राहिला आणि तपासणीच्या आधीच दोन्ही पाड्यांतल्या शेरडांनाही पासवर्ड पाठ झाला.

जानेवारीत साहेब आले. सकाळचं ऊन, शाळेच्या अंगणात सगळं गाव. एका बाजूला गोकुळचा जनरेटर धडधडत होता, दुसऱ्या बाजूला तुकाने सांगून ठेवलेला टेम्पो तोंड वळवून उभा होता. टेम्पोचं फाळकं उघडं होतं. मी तिकडे बघायचं टाळत होतो, पण मानेला ते आधीच कळलं होतं.

हर्षालीबाई यंत्राकडे निघाल्या तेव्हा साहेबांनी हात केला. "बाई, तुम्ही नको. उद्या तुमची बदली झाली तर? गावाला चालवता येतं का ते मला बघायचंय. अध्यक्ष कोण?"

मी बसलो. पाठीमागे खिडकीत, दारात, सगळीकडे तोंडं. मी नाव घातलं, मग शब्द घातला. ह्या यंत्राची एक वाईट खोड आहे. पासवर्ड लिहिताना पडद्यावर काही उमटत नाही. मी एवढ्या उशिरा अक्षरं शिकलो ती दिसावीत म्हणून. आणि हे म्हणतं, लिही, पण दिसणार नाही. अंदाजाने पाच बोटं मारली. यंत्राने नकार दिला.

पुन्हा मारली. पुन्हा नकार.

"जोरात दाब," काळ्या भगत म्हणाला. जोरात दाबली. नकार.

मग गावाला राहवेना. खिडकीतून कोणी तरी म्हणालं, "एन." दारातून दुसऱ्याने म्हटलं, "ए." आणि बघता बघता सगळं अंगण प्रार्थनेसारखं एका सुरात अक्षरं म्हणायला लागलं. साहेबांनी विचारलं, "हे काय म्हणतायत?"

बाई भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "पासवर्ड."

"सगळ्यांना माहीत आहे?"

"ठराव झालाय, साहेब," मी म्हटलं. कपाळावरून घाम नाकावर आला होता. सगळ्या गावाला किल्ली माहीत आणि कुलूप उघडत नाही. साहेबांनी घड्याळाकडे बघितलं आणि पेनाचं टोपण काढलं. टेम्पोवाल्याने इंजिन सुरू केलं.

तेवढ्यात तुका गर्दीतून पुढे आला. माझ्या खांद्यावरून वाकला. मला वाटलं, आता हा पहिलं खोकं उचलणार. पण तो की-बोर्डाकडे बघत होता. कोपऱ्यात एक बारीक हिरवा दिवा जळत होता. सोसायटीच्या गोदामात कोणी दिवसा बल्ब ठेवला तर तुका त्याचा पगार कापतो.

"भावजी, भर दिवसा हा दिवा कशाला जाळतोस? जनरेटर सोसायटीच्या डिझेलवर चाललाय." आणि त्याने दिव्याखाली लिहिलेल्या नावाचंच बटण शोधून दाबलं. दिवा विझला.

मी वैतागून पुन्हा पाच बोटं मारली, फक्त त्याला दूर करायला. पडदा सरकला. यंत्राने मला मूळ म्हणून मान्य केलं.

मागाहून बाईंनी सांगितलं ते इथेच सांगतो. साहेब मोठे, म्हणून मी यंत्राला इंग्रजीच्या मोठ्या अक्षरांवर लावलं होतं. पहिल्यांदा नाव लहान अक्षरांत उमटलं तेव्हा मला ते साहेबांसमोर बरं दिसेना. नाव लिहून झाल्यावर मी तेच दिव्याचं बटण दाबलं, आणि त्यापुढे जे काही लिहिलं ते मोठ्याच अक्षरांत. आमच्या ठरावात नागली लहान होती. मान देण्याच्या नादात मी मोठी केली.

अंगणात जो आवाज झाला त्याने टेम्पोवाल्याने घाबरून इंजिन बंद केलं.

साहेब मात्र पडद्याकडे बघून म्हणाले, "एवढंच? चित्रं कुठायत?"

"साहेब, ही पाटी आहे," मी म्हटलं. "पाटीवर आपण लिहायचं. तुमची जन्मतारीख सांगा."

"एक जून, एकोणीसशे पंचावन्न."

मागून हशा फुटला. साहेबांना कळेना. मी म्हटलं, "रागावू नका. इथे शाळेत गेलेल्या सगळ्यांचीच एक जून आहे." बाईंनी शिकवल्याप्रमाणे तीन अक्षरं, मग महिना, मग साल असं घातलं. त्या जूनचं पूर्ण कॅलेंडर पडद्यावर आलं. मी वरून खाली बोट फिरवून वार काढला. "बुधवार."

साहेब खुर्ची ओढून जवळ बसले. मग म्हणाले, "आमची आई सांगायची, सोमवारी झालास म्हणून."

खिडकीतून नवशी म्हणाली, "आईचं खरं, साहेब. एक जून मास्तरनं लिवला असंल."

साहेब हसले. पोटातून हसले. "हो, आजी. गुरुजींनीच लिहिला." मग त्यांनी आपल्या मुलीचा वार काढायला सांगितला, मग बायकोचा, मग लग्नाचा. लग्नाचा वार बघून म्हणाले, "वाटलंच होतं." पाठोपाठ गोकुळ पुढे आला, मग खालचा पाडा रांगेत उभा राहिला. बाकीच्या दोन यंत्रांवर पोरींनी सत्ताविसाचा पाढा काढून दाखवला. टेम्पोवाला स्वतःच फाळकं लावून रांगेत येऊन उभा राहिला. त्याचीही एक जूनच निघाली.

शेवटी साहेबांनी तपासणीचा कागद काढला. 'यंत्रं चालू आहेत' असं लिहिलं, 'खोली शाळेकडे' असं लिहिलं, आणि एका रकान्यापाशी थांबले. तिथे यंत्र कशावर चालतं ते विचारलं होतं आणि उत्तरं आधीच छापलेली होती. "तुमच्या लिनक्सचं नाव ह्यात नाही," ते म्हणाले. "मी 'इतर' लिहितो."

मी म्हटलं, "इतर नको, साहेब."

"फरक काय पडतो? मंजूर तर झालंच आहे."

"आम्ही बऱ्याच कागदांवर इतर आहोत. हे एक तरी नावाने लिहा."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मग कागद टेबलावर ठेवला, पेन माझ्यापुढे धरलं आणि खुर्चीवरून उठले. "मग तुम्हीच लिहा. बसा."

मी बसलो. रकाना बारीक होता आणि माझं अक्षर ऐसपैस, म्हणून आधी कडेला किती जागा आहे ते बघून घेतलं. तुका माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता; त्याला म्हटलं, उजेड सोड. तो सरकला. बाहेर साहेबांच्या ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला. साहेब हात मागे बांधून उभे होते, मेव्हणा उभा होता, सगळं गाव उभं होतं. मी एकेक अक्षर काढत होतो, आणि मला मुळीच घाई नव्हती.